रामा शेट्टी आणि शादीराम एकाच नटाचे: छाप पडलेल्या नटाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी पुण्यात 8 वर्षं प्रायोगिक नाटकं करतोय. गेल्या 3 वर्षांत हिंदीत दोन मालिका आणि एक वेबसिरीज मिळाली. तिन्हीकडे भ्रष्ट नगरसेवक. आता चौथी विचारणा आलीय, तीही नगरसेवकाचीच. सदाशिव अमरापूरकर 'अर्धसत्य'मधल्या रामा शेट्टीपासून पुढे विनोदाकडे वळले, ते त्यांना कसं जमलं? मी या भूमिकेला हो म्हणू की नाही?"

हो म्हण. का ते सांगते. पण त्याआधी तुझ्या प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. अमरापूरकर खलनायकीकडून विनोदाकडे वळले, असं तू धरून चाललायस. झालं होतं उलटं. मराठी रंगभूमीवर 'हँड्स अप' नावाचं विनोदी नाटक चालू होतं. त्यात भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर यांच्याबरोबर अमरापूरकर काम करत होते. 'अर्धसत्य'चे दिग्दर्शक गोविंद निहलानींनी त्यांना त्या नाटकात पाहिलं आणि रामा शेट्टीसाठी निवडलं. लोकांना हसवणाऱ्या नटात एका दिग्दर्शकाला शहर मुठीत ठेवणारा गुंड दिसला. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं चकित होतात. मला मात्र त्यात नवल वाटत नाही. विनोदी नटाला कुठे थांबायचं ते कळतं. प्रेक्षकाचं हसू ओसरेपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवायची त्याला सवय असते. रामा शेट्टी उभा राहायला नेमकं तेच लागत होतं.

मी स्वतः 28 वर्षं हिंदी-मराठीत दुय्यम भूमिका करतेय, आणि त्यातली 12 वर्षं शिकवतेही. मराठी बाई म्हटल्यावर हिंदीवाल्यांच्या डोळ्यांसमोर आधी मोलकरीण येते. पुरुष असेल तर हवालदार. माझी पहिली 6 वर्षं "मेमसाब, चाय" यातच गेली. तेव्हा तुझी घुसमट मला नुसती कळत नाही, ती मी भोगलीय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रामा शेट्टी पुन्हा बघ. 'अर्धसत्य' 1983 चा. एस. डी. पानवलकरांची 'सूर्य' ही मराठी कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि ज्या कवितेवरून नाव आलं ती दिलीप चित्रेंची. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर म्हणजे ओम पुरी. शेट्टीचे प्रसंग मोजके आहेत, तरी चित्रपटभर तो पडद्यावर असल्यासारखं वाटतं. वर्गात मी नेहमी एक प्रसंग घेते. भाजलेल्या एका माणसाची जबानी वेलणकरच्या हाती लागते, तिच्यात शेट्टीचं नाव येतं. वेलणकर तडक त्याला अटक करायला जातो. शेट्टी घाबरत नाही, आवाज चढवत नाही, पळायचं तर त्याच्या डोक्यातही नसतं. तो फोन लावतो. पलीकडे वेलणकरचा वरिष्ठ असतो. वेलणकरला आल्या पावली परत फिरावं लागतं.

आता हा प्रसंग नवख्या नटाला करायला दे. दहातले नऊ जण शेट्टी 'करतात'. भुवई उडवतील, फोन उचलण्याआधी हसतील, खुर्चीत रेलून पाय पसरतील. आपण किती ताकदवान आहोत हे प्रेक्षकाला पटवायची त्यांना घाई झालेली असते. शेट्टीला कोणाला काहीच पटवायचं नाही. फोन लागणार हे त्याला ठाऊक आहे. एखाद्याने घरी भाजी सांगायला फोन करावा, इतकी ती रोजची गोष्ट आहे. अमरापूरकरांनी तो फोन रोजच्यासारखाच केला. त्यामुळे सगळा भार वेलणकरच्या चेहऱ्यावर पडला. वर्दी अंगावर असताना माणूस किती लहान होतो ते ओम पुरींच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या भूमिकेसाठी ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि अमरापूरकरांना साहाय्यक अभिनेत्याचं फिल्मफेअर. माझ्या लेखी ते दोन्ही पुरस्कार एकाच कामाचे आहेत. शेवटी वेलणकर शेट्टीचा गळा दाबतो तेव्हा आपल्याला ते पटतं, कारण त्या फोनचा अपमान आपणही त्याच्याबरोबर गिळलेला असतो.

साहाय्यक नटाचं काम मी यालाच म्हणते. समोरच्या पात्राचं काय व्हायला हवंय, हे आधी शोधायचं आणि ते त्याच्यावर घडवून आणायचं. वेश, बोली, चाल हे सगळं त्यानंतर येतं. 'अष्टपैलू' म्हटलं की लोक आधी मिशा आणि विग मोजतात. मला तो हिशेब कधीच पटला नाही.

त्याच 1983 मध्ये अमरापूरकरांनी तेंडुलकरांचं 'कन्यादान' दिग्दर्शित केलं होतं, डॉ. श्रीराम लागूंना घेऊन. हे मुद्दाम सांगते. अख्खं नाटक हातात घेऊन बसलेला माणूस प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने बघतो. आपली वाक्यं रंगीत पेनने अधोरेखित करून बाकीची पानं न वाचणारा नट आणि हा नट, दोघांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तू नाटकातून आलायस. ती सवय सेटवर हरवू देऊ नकोस. हिंदीत अनेकदा पूर्ण पटकथा हातात देतच नाहीत, सकाळी मेकअपला बसल्यावर दोन पानं येतात. तरी माग. निदान तुझ्या प्रसंगाच्या आधीचा आणि नंतरचा प्रसंग माग. सहायक दिग्दर्शकाला चहाच्या वेळी गोडीत विचारलंस तर तो सांगतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट मी फार महागात शिकले. पहिल्याच मोठ्या हिंदी चित्रपटात माझा एक बरा प्रसंग होता. मोलकरीण मालकाला त्याच्या मुलाबद्दल खरं काय ते सांगते. आधी नायकाचा क्लोजअप लागला. मला कॅमेऱ्याला पाठ करून सजेशन द्यायचं होतं, म्हणजे चौकटीच्या कडेला माझा खांदा आणि डोक्याची मागची बाजू. मी वाक्यं नुसती वाचल्यासारखी म्हटली. खरं रडू माझ्या क्लोजअपला राखून ठेवलं होतं. माझी पाळी येईपर्यंत शिफ्ट संपत आली. नायक गाडीत बसून गेला होता. एक सहायक मुलगा कागदावरून त्याची वाक्यं वाचत होता, आणि घाईत एकच टेक झाला. चित्रपटगृहात पाहिलं तर माझा क्लोजअप नव्हताच. नायकाचा चेहरा होता, माझा अंबाडा होता आणि माझा कोरडा आवाज. प्रसंग पडला होता, आणि तो मी पाडला होता. मी मनापासून बोलले असते, तर नायकाच्या डोळ्यांत काहीतरी उतरलं असतं आणि तो प्रसंग माझाही झाला असता. तेव्हापासून पाठमोरी असले तरी मी पूर्ण काम करते. तूही कर. समोरच्याला क्यू, म्हणजे त्याच्या आधीचं वाक्य, देताना जीव राखून ठेवू नकोस.

आता छाप पडण्याबद्दल. 'अर्धसत्य'नंतर अमरापूरकरांना मिळाली ती सलग खलनायकी. काळच तसा होता. 1987 मध्ये 'मिस्टर इंडिया'चा मोगँबो आला, त्याच वर्षी धर्मेंद्र यांच्यासमोर 'हुकूमत'मध्ये अमरापूरकर आले आणि तो चित्रपट जोरात चालला. खलनायकाला एक अड्डा, एक विचित्र पोशाख आणि एक तकियाकलाम, म्हणजे ठरलेलं पालुपद, दिला की काम झालं, अशा बेताने तेव्हा पटकथा लिहिल्या जायच्या. अमरापूरकरांनी त्या भूमिका केल्या, भरपूर केल्या. त्यातल्या कित्येक आज मला बघवत नाहीत. त्यांच्यावर प्रेम आहे म्हणून सगळंच चांगलं म्हणणार नाही. रामा शेट्टीची शांतता त्या चित्रपटांना परवडत नव्हती. तिथे बटबटीतपणाच हवा होता, आणि त्यांनी तो पुरवला.

मात्र त्याच दिवसांत, 1988 मध्ये, दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' आली आणि तिच्यात महात्मा फुले कोण होते? हेच. त्याआधी 1979 मध्ये जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या '22 जून 1897'मध्ये त्यांनी टिळक केले होते. एकाच नटाने टिळकही करावेत आणि जोतीरावही करावेत, यात काय आहे ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आणि या दोघांच्या मधोमध रामा शेट्टी. इतिहास घेऊन एम.ए. झालेला माणूस होता तो, अहमदनगरचा, जवळच्या लोकांचा तात्या. मला वाटतं, त्यांना ही माणसं पुतळ्यांसारखी दिसत नसावीत. कोणाचा राग कशातून येतो, हे त्यांना वाचून माहीत असणार.

मग 1991 चा महेश भट यांचा 'सडक'. महाराणी. कोठा चालवणारा तृतीयपंथी. फिल्मफेअरने खलनायकी अभिनयासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मिळाला तो या भूमिकेला. या भूमिकेबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. अभिनय म्हणून ती थरकाप उडवते. अंगावर साडी, कपाळावर टिकली, आणि नजर गिऱ्हाइकाचा आणि मुलीचा एकाच वेळी हिशेब करणारी. नखरा केव्हा संपतो आणि धंदा केव्हा सुरू होतो याचा थांग लागत नाही, म्हणून भीती वाटते. एरवी अशी भूमिका पुरुष नट हशा पिकवण्यासाठी करत. अमरापूरकरांनी हसायला जागा ठेवली नाही. पण एका आधीच हेटाळल्या गेलेल्या समाजाचा चेहरा म्हणून लाखो लोकांच्या मनात हे क्रौर्य बसलं, हेही खरं. माझ्या वर्गात दोन तृतीयपंथी विद्यार्थी येऊन गेले. त्यांतल्या एकीने सांगितलं, "शाळेत मला महाराणी म्हणून चिडवायचे." तेव्हापासून मी तो चित्रपट दाखवताना ही गोष्टही सांगते. आज ती भूमिका त्याच समाजातल्या कलाकाराला मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

1995 वर मात्र मी थांबणार आहे, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्या एका वर्षात सापडतं.

त्या वर्षी डेव्हिड धवन यांचा 'कुली नं. 1' आला. अमरापूरकर त्यात शादीराम घरजोडे. लग्नं जुळवणारा. श्रीमंतीचा माज असलेला होशियारचंद, म्हणजे कादर खान, त्याने आणलेलं स्थळ धुडकावतो आणि त्याचा पाणउतारा करतो. शादीराम सूड म्हणून एका हमालाला, गोविंदाला, कोट्यधीश बनवून जावई म्हणून त्याच्या गळ्यात मारतो. नीट बघ, सगळी कथा या अपमानातून सुटते. शादीरामचा राग लुटुपुटीचा वाटला तर पुढचं काहीच उभं राहत नाही. अमरापूरकर तो राग अगदी खरा करतात. डोळ्यांत तोच, वेलणकरला परत पाठवणारा माणूस आहे, फक्त या वेळी त्याच्या हातात फोन नाही, वह्या आणि पत्रिका आहेत. हसू येतं ते त्यामुळे. खलनायकाची हत्यारं त्यांनी टाकून दिली नाहीत, ती दुबळ्या माणसाच्या हातात दिली.

आणि त्याच वर्षीचा सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा मराठी 'दोघी'. लग्नाच्या दिवशीच दुर्दैव कोसळलेलं घर, दोन बहिणी, आणि गावाने पाठ फिरवलेली. घर जगवायला थोरली गौरी मुंबईला जाते आणि देहविक्रयात अडकते. अमरापूरकर या चित्रपटात मामा आहेत. चार वर्षांपूर्वी कोठ्याची मालकीण झालेला नट इथे त्याच व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला, घरातला माणूस म्हणून बसलाय. त्याच्यात राक्षस शोधायला गेलास तर हाती काही लागणार नाही. तो आपल्या ओळखीचा आहे. लग्नाकार्यात पंगतीला आपल्या शेजारी बसलेला असतो. 'सडक' आणि 'दोघी' लागोपाठ दोन संध्याकाळी बघ, एवढी विनंती. नट एकच, विषय जवळजवळ एकच, आणि दोन्हीकडे त्यांनी समोरच्या मुलीवर काय होतंय हे आधी पाहिलंय.

तेव्हा साचा मोडायला त्यांनी कुठली युक्ती वापरली, असं विचारशील तर माझं उत्तर असं की त्यांनी हिंदीवर सगळा भार टाकला नाही. पैसा आणि नाव हिंदीने दिलं. भूक मराठीत भागवली. हात शिवशिवले की मराठीकडे यायची वाट त्यांनी बुजू दिली नाही. पुढे कौटुंबिक चित्रपटांची लाट आली, खलनायकाचं पात्रच पटकथेतून गळून पडलं, आणि त्या पिढीतले कित्येक नट रिकामे बसले. अमरापूरकरही हिंदीत कमी कमी दिसू लागले. पण 2002 च्या मराठी 'वास्तुपुरुष'मध्ये ते आहेतच. शिवाय अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम, कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीचं काम, ही कामं त्यांनी मनापासून केली. 2013 च्या होळीत, राज्यात दुष्काळ असताना घराजवळ पाण्याची नासाडी चालली होती. ती थांबवा म्हणायला गेले म्हणून त्यांना मारहाण झाली. वयाची साठी उलटलेला माणूस. ती बातमी वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते.

त्याच वर्षी 'बॉम्बे टॉकीज' आला. त्यातला दिबाकर बॅनर्जींचा भाग सत्यजित राय यांच्या कथेवर बेतलेला. नवाजुद्दीन सिद्दीकीचं पात्र अभिनयात अपयशी ठरलेलं आहे. एका शूटिंगमध्ये त्याला नायकाला धडकून निघून जायचं काम मिळतं. बस्स, इतकंच. त्या धडकेची तालीम करताना त्याला जुना नाटकवाला बुजुर्ग भेटतो, जो कथेत केव्हाच वारलेला असतो. तो बुजुर्ग म्हणजे अमरापूरकर. काही मिनिटांचं काम. हातभर भूमिकेलाही तालीम लागते, हे दरडावून सांगायला दिग्दर्शकाने त्यांची निवड केली, यापेक्षा मोठा मान मला सुचत नाही. पुढच्याच वर्षी, 3 नोव्हेंबर 2014 ला, ते गेले. 64 वर्षांचे होते.

आता तुझ्या चौथ्या नगरसेवकाकडे येऊ.

हो म्हण, पण आधी कामाचं सगळं विचारून घे. किती दिवस, दिवसाचे किती, प्रवास आणि राहणं कोणाकडे, आणि पैसे किती दिवसांनी. मालिकांत 90 दिवसांनी पैसे देण्याची पद्धत सर्रास आहे, त्यामुळे 3 महिन्यांचं घरभाडं हाताशी ठेवूनच मुंबईला ये. तोंडी कबुलीवर काम करू नकोस. माझे एका निर्मात्याकडे 41 दिवसांचे पैसे बुडाले, कारण माझ्याकडे कागद नव्हता. कोऑर्डिनेटरने, म्हणजे नटांना काम मिळवून देणाऱ्याने, पाठवलेला साधा मेसेजही जपून ठेव. सिंटाचं, म्हणजे सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचं, कार्ड काढलं नसशील तर या महिन्यात काढ. तक्रार घेऊन जायला एक दार तरी राहतं.

मग वही काढ आणि आधीचे तिन्ही नगरसेवक शेजारी शेजारी मांड. तिघांनीही पैसे खाल्ले असणार, ते लिहू नकोस. कोण कोणाला घाबरत होता, ते लिही. मला खात्री आहे की तिन्ही रकाने रिकामे राहतील, कारण लिहिणाऱ्याने ते दिलेलं नसतं आणि तूही शोधलेलं नसणार. चौथ्यासाठी शोध. एखादा बायकोला घाबरतो, एखादा आपल्याच ड्रायव्हरला, कारण ड्रायव्हरला सगळं माहीत असतं. हे दिग्दर्शकाला सांगायची गरज नाही, परवानगीही लागत नाही. ड्रायव्हर चावी द्यायला आत आला की वाक्य अर्धा क्षण अडखळू दे. संकलकाला तो अर्धा क्षण आवडला तर राहील. अशा दोन-तीन क्षणांवर पुढची वेगळी भूमिका मिळते. मला वकिलाची पहिली भूमिका मिळाली ती एका मोलकरणीमुळेच. ती मालकिणीचा कागद उचलून ठेवताना नकळत वाचते, असं मी केलं होतं. एका कास्टिंगवाल्या मुलीने ते टिपलं.

हिंदीबद्दलही थोडं. आपलं मराठी वळण पुसून टाकायच्या मागे लागू नकोस. उच्चार स्वच्छ कर, 'है' आणि 'हैं' वेगळे ऐकू येऊ देत, 'ज' आणि 'ज़' यांचा सराव कर. पण बोलण्याची लय तुझीच ठेव. अमरापूरकरांची हिंदी दिल्लीची कधीच नव्हती, आणि हजारो आवाजांत तो आवाज ओळखू येतो.

वर्षातून एक मराठी नाटक मात्र सोडू नकोस. तारखा जुळत नाहीत म्हणशील. जुळव. आणि त्या नाटकात नगरसेवक नको.

पटकथेची पानं आली की मला पाठव, आपण एकत्र वाचू. तोवर एवढंच शोधून ठेव, तुझा हा नगरसेवक अडचणीत आला की फोन कोणाला लावतो, आणि समोरून उचलला गेला नाही तर तो काय करतो.